कडेची चौकट

ती वही अजून माझ्याकडे आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्या सतराव्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात मी दोन शब्द लिहिले होते: निगा कमी. ते कुणाबद्दल लिहिले आणि लिहिताना मला काय काय माहीत होतं, एवढंच इथे सांगायचं आहे.

मी पेणला राहतो. नोकरी नागोठण्याजवळच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत. काम नमुने तपासण्याचं. टाकीतला नमुना वरून, मधून आणि तळातून असा तीन ठिकाणांहून घ्यायचा आणि कुठून घेतला ते बाटलीवर लिहायचं. सव्वीस वर्षं मी हेच करतो आहे. प्रयोगशाळेत कुणी नवीन लागलं की पहिल्या दिवशी मी एकच सांगतो, की आकडा चुकला तर पुन्हा काढता येतो, पण नमुना चुकीच्या जागेचा असेल तर बरोबर आकड्यालाही काही अर्थ नाही.

माझी सासुरवाडी नागोठण्याच्या पुढे, रोह्याकडे जाताना आत वळल्यावर लागते. सासऱ्यांच्या जागेत मी चार मधपेट्या ठेवल्या होत्या. पुढे एका संस्थेने त्याच गावातल्या बायकांच्या गटाला दहा पेट्या दिल्या. बायका पाच, प्रत्येकीला दोन. चौघी गावातल्या, भात आणि वाल करणाऱ्या. पाचवी डोंगराकडच्या आदिवासी वाडीतली. संस्थेचा माणूस तीन महिन्यांतून एकदा यायचा. मधल्या काळात दर महिन्याला पेट्या तपासून नोंद कुणी ठेवायची, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. गावचा जावई, कंपनीत तपासणीचं काम, वर अक्षर चांगलं. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवतो.

तपासायचं होतं ते माइटसाठी. माइट म्हणजे लालसर, चपटा, मोहरीहून लहान किडा. तो माशीच्या अंगाला चिकटतो आणि वाढतो मात्र मेणाने बंद केलेल्या घरातल्या पिल्लांवर. आपल्या डोंगरातल्या सातेरी माश्या एकमेकींच्या अंगावरून तो वेचून काढतात. पेट्यांमधल्या परदेशी माशीला ते फारसं जमत नाही. मध जास्त देते, पण हे दुखणं तिला घेऊन बसतं. पिल्लं पंख चुरगळलेली निघतात आणि एक दिवस पेटी रिकामी होते. गटातल्या बायकांनी त्याला गोचीड हे नाव ठेवलं. पुढे वहीतही मी तेच लिहू लागलो.

मोजायची रीत सोपी आहे. अर्धा पेला माश्या, म्हणजे साधारण तीनशे, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या. वर दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी घोळवायची. साखरेने गोचिडींची पकड सुटते. मग बरणी पांढऱ्या ताटावर उलटी धरून हलवायची, पडलेली साखर पाण्यात विरघळवायची आणि ताटात राहिलेल्या गोचिडी मोजायच्या. माश्या जिवंत परत पेटीत जातात. ताटात नऊच्या वर निघाल्या तर औषध द्यायचं. साखर माझी बायको मिक्सरवर दळून द्यायची. "जावईबापूंच्या माश्यांना साखर, आणि घरात मात्र शुगर वाढते म्हणून बोंब," असं दर महिन्याला ऐकवायची.

पेटीत लाकडी चौकटी ओळीने टांगलेल्या असतात, त्यांवर माश्या पोळं बांधतात. फक्त या माश्या पिल्लं असलेल्या मधल्या चौकटीवरून घ्यायच्या असतात, कारण गोचिडी तिथेच असतात. अडचण अशी की राणीही तिथेच असते. माश्या बरणीत झटकण्याआधी राणी शोधून बाजूला ठेवावी लागते.

मला राणी दिसत नसे. पंचेचाळिशीतच जवळचं दिसेनासं झालं होतं. आमच्या गल्लीत गणपतीचे डोळे आखणारे दोघं साठीच्या पुढचे आहेत, ते खिडकीच्या उजेडात बिनचष्म्याने आखतात. मी जाळीच्या टोपीत चष्मा घातला की दोन मिनिटांत काचेवर वाफ. पहिल्या वर्षी माझ्या स्वतःच्याच पेटीतली राणी बरणीत गेली. साखरेत घोळून बाहेर आली, पण आठवड्याने पेटीत राणी नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर मी कडेच्या चौकटीवरून माश्या घेऊ लागलो. कडेला मध असतो. राणी सहसा तिकडे फिरकत नाही, आणि गोचिडीही कमी असतात. मला दोन्ही माहीत होतं.

वहीत मी सात रकाने आखले होते. तारीख, पेटी, माश्या, गोचिडी, शेकडा प्रमाण, खाणं आणि शेरा. कोणत्या चौकटीवरून नमुना घेतला, हा आठवा रकाना मी आखला नाही. तो विसरलो नव्हतो.

सप्टेंबर ते जानेवारी पाच वेळा मोजणी झाली. माझ्या चार आणि गटाच्या दहा, म्हणजे चौदा पेट्यांचे सत्तर आकडे. त्यांत सगळ्यात मोठा आकडा चार. कंपनीत सत्तर नमुन्यांत एकही वाईट निघाला नसता, तर मी आधी नमुना घेणाऱ्याला समोर बोलावलं असतं. इथे मी शेकडा प्रमाण दोन दशांश स्थळांपर्यंत काढत होतो.

वाडीवरच्या बाईंच्या पेट्या सगळ्यांत भरलेल्या होत्या. वय माझ्याएवढंच असेल. मी त्यांना ताई म्हणे, त्या मला सायब म्हणत. लहानपणापासून डोंगरातलं मोहोळ काढत आलेल्या. पावसात साखरेचं पाणी कुणी दोन दिवस चुकवलं असेल, त्यांनी एकदाही नाही. पेट्यांच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या करवंट्या ठेवलेल्या असत आणि त्या कधी कोरड्या दिसल्या नाहीत. मी तपासायला गेलो की माश्या शांत राहाव्यात म्हणून धुराचा डबा त्या धरत.

डिसेंबरच्या मोजणीला त्या म्हणाल्या, "सायब, माशा चालत जातात. उडत नाय."

"किती?"

"मोजल्या नाय. अंगनभर हायत."

मी मोजणी केली आणि वही उघडून दाखवली. पहिल्या पेटीत दोन, दुसऱ्या पेटीत तीन. "तीनशे माश्यांत दोन. काही नाही यात."

"वहीत दोन हायत," त्या म्हणाल्या. "भुईवर जास्ती हायत."

मी म्हटलं, कुणीतरी कलिंगडावर फवारलं असेल.

"कलिंगडा गावाच्या अंगाला. आमच्या वाडीकडं काय फवारतील, दगडा?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या पायाशी दोन-तीन माश्या खरंच चालत होत्या. वाकून बघितलं असतं तर चुरगळलेले पंख दिसले असते. वाकण्याआधी खिशातला चष्मा काढावा लागला असता, आणि तो पुसून घालताना मी त्यांच्यापुढे थांबलो असतो. मी वही मिटली.

जानेवारीच्या मोजणीत दोन्ही पेट्यांत प्रत्येकी तीन निघाल्या. महिनाअखेरीस त्यांची पहिली पेटी रिकामी झाली. अकरा दिवसांनी दुसरी.

फेब्रुवारीत गटाची बैठक अध्यक्ष वहिनींच्या पडवीत होती. शिमग्यानंतर संस्था आणखी सहा पेट्या देणार होती. कुणाला द्यायच्या ते वहीतल्या शेऱ्यांवरून ठरणार होतं. वाडीवरच्या ताई पायरीवर बसल्या होत्या, वर जागा असूनही.

"दोनी पेट्या एका म्हैन्यात," वहिनी म्हणाल्या. "असा कसा झाला गो?"

"मला म्हाईत नाय. माशा चालत जायच्या. मी सायबांना बोल्लेलू."

"मोहोळ जालून मध काढायची सवय तुमाला," दुसरी एक म्हणाली. "पेटीला पन तसाच धूर दिला आसंल भसाभस. त्या बिचाऱ्या पलाल्या डोंगरात, तुझ्याआधी."

बाकीच्या हसल्या. पायरीवरून उत्तर आलं, "मोहोळ जालला त डोंगरात पुढच्या साली काय खाशील? आमी नाय जालत."

"दाजी," वहिनी माझ्याकडे वळल्या, "तुमची वही काय बोलतं?"

मी वही उघडली. गोचिडी हद्दीच्या आत. खाणं वेळेवर. मग पेट्या गेल्या कशाने, याचं उत्तर वहीत नव्हतं. रिकामा होता तो फक्त शेऱ्याचा रकाना. सगळ्या बघत होत्या. धुराचा डबा त्या किती बेताने चालवतात, हे पाच महिने मी जवळून पाहिलं होतं. तरी मी पेन काढलं आणि लिहिलं: निगा कमी.

"लिवलां का सायब?"

"हो."

"वाचून दावा."

मी वाचलं. त्यांनी मान हलवली, पदर खोचला आणि उठून गेल्या. सहा पेट्यांच्या यादीत त्यांचं नाव धरायचं नाही असं ठरलं. त्यांच्या रिकाम्या पेट्याही काढून आणायच्या ठरल्या. आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण स्कूटर माझ्याकडे होती.

पुढच्या रविवारी दुपारी मी वाडीवर गेलो. पेट्या धुऊन, पुसून करंजाखाली उपड्या ठेवल्या होत्या. चौकटी मात्र त्यांनी वेगळ्या, फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी माझ्यासमोर धरली. मधली चौकट. तिच्यावर मेलेल्या पिल्लांची बंद घरं तशीच होती.

"बसा सायब. याक दावतू."

त्यांनी करवंदीचा काटा घेतला आणि एका घराचं मेण उचकटून आतलं पांढरं पिल्लू काट्यावर बाहेर काढलं. मग ते माझ्या तळहातावर ठेवलं. मी खिशातून चष्मा काढून घातला आणि हात उजेडात धरला. पिल्लाच्या मानेशी दोन लाल ठिपके होते.

"पोल्यातली पिल्ला आमी खातू. ल्हानपनापासना. चांगली आसली तं दुधासारकी गोरी आसतात. आशी लाल ठिपक्याची कंदी बगली नाय. ही तुमची गोचीड ना?"

त्यांनी एकापाठोपाठ दहा घरं उघडली. सवयीने मी मोजत गेलो. दहातल्या सात पिल्लांवर गोचिडी होत्या. एकावर चार.

त्यांनी काटा पदराला पुसला.

"बरनीत माशा कनच्या चौकटीवरच्या घेता तुमी?"

"मधल्या," मी म्हणालो.

"आसंल," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच पेट्या स्कूटरला बांधायला हात लावला. दोरीचं टोक दातात धरून गाठ मारली, ओढून बघितली. "घट्ट हाय. सावकास जावा, उतार हाय."

अंबा नदीच्या पुलाच्या थोडं अलीकडे मला आठवलं, की पाचही मोजण्यांना धुराचा डबा घेऊन त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. माझा हात दर वेळी कुठल्या चौकटीकडे गेला, ते त्यांनी पाहिलं होतं. उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांना बघायचं होतं ते मी काय सांगतो ते. मी स्कूटर बाजूला घेतली आणि पेट्यांना हात लावून तसाच उभा राहिलो. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने विचारलं, "काका, पडतंय का सामान?" मी म्हटलं, नाही.

तिथून मागे वळलो. वाडीवर नाही, सासऱ्यांच्या जागेत. चष्म्याच्या दांड्या दोऱ्याने डोक्यामागे बांधल्या आणि माझी पहिली पेटी उघडली. राणी सापडायला चाळीस मिनिटं लागली. एवढंच काम होतं. मधल्या चौकटीवरून अर्धा पेला माश्या घेतल्या. ताटात चौतीस. मग त्याच पेटीच्या कडेच्या चौकटीवरून तेवढ्याच घेतल्या. ताटात तीन. एक पेटी, एक दुपार, आणि दोन आकडे.

मधमाश्यांवरचं माझं पुस्तक काढून पुन्हा वाचलं तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. जिथे पिल्लं जास्त तिथे गोचिडी जास्त वाढतात. म्हणजे त्या बाईंच्या पेट्या आधी पडल्या त्या निगा कमी होती म्हणून नव्हे, तर सगळ्यांत चांगली होती म्हणून.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंपनीत कुणी असं केलं असतं तर?"

"लेखी जाब विचारला असता."

"आणि खोटं सांगितलं असतं तर?"

मी तिच्या पुढ्यातली एक जुडी ओढून निवडायला घेतली. ती म्हणाली, "माझ्या माहेरचं गाव आहे ते. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. पण मी सांगितलं तर ते तुम्ही सांगितल्यासारखं होणार नाही."

तरी मी नऊ दिवस घेतले. या नऊ दिवसांचा हिशेब मला सगळ्यांत जड जातो. त्यांत मी संस्थेला न विचारता औषध मिळवलं आणि पुढच्या रविवारी माझ्या चारही पेट्यांना दिलं. गटातल्या चौघींच्या आठ पेट्या दोनशे पावलांवर होत्या. त्यांना दिलं नाही. दिलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. त्या आठांतल्या दोन पुढे गेल्या. नऊ दिवस आधी औषध मिळालं असतं तर वाचल्या असत्या का, हे मला ठरवता येत नाही. माझ्या चारही वाचल्या, एवढं खरं.

दहाव्या दिवशी पुन्हा पडवीत बैठक घ्यायला लावली. वाडीवरच्या ताईंना बोलवायला मी स्वतः गेलो. त्या म्हणाल्या, "यादीत नाव नाय तं कशाला येऊ?" मी म्हटलं, माझ्यासाठी या. त्या आल्या आणि पुन्हा पायरीवरच बसल्या.

मी उभा राहून सांगितलं. चष्मा, बरणीत गेलेली राणी, कडेची चौकट, न आखलेला रकाना, करंजाखाली सांगितलेलं खोटं, आणि माझ्या पेट्यांना आधी दिलेलं औषध. शेवटचं सांगताना वहीकडे बघितलं, माणसांकडे नाही.

कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अध्यक्ष वहिनी म्हणाल्या, "म्हंजे दाजी, पाच म्हैने तुमी आमाला नुसता साखरेचा पानी पाजलांत."

धुराबद्दल बोललेली बाई आपल्या पायांकडे बघत होती. थोड्या वेळाने पायरीच्या दिशेने म्हणाली, "मी पन बोल्ले होते गो."

"तू बोल्लीस," ताई म्हणाल्या. "सायबांनी लिवला."

सहा पेट्यांतल्या दोन त्यांना, हे मग वहिनींनीच सांगितलं, आणि त्यावर बोलणं झालं नाही. औषध त्याच संध्याकाळी दिलं. त्याआधी आठही पेट्या मधल्या चौकटीवरून मोजल्या. सहांमध्ये नऊच्या वर होत्या. राणी शोधायचं काम ताईंनी केलं. एका राणीला त्यांना वीस सेकंद लागले असतील. मी विचारलं, कशी ओळखता? त्या म्हणाल्या, "ती बाजूला सरत नाय. बाकीच्या सरतात."

काम संपल्यावर मी वही उघडली, सतरावं पान काढलं आणि तो शेरा खोडायला पेन टेकवलं.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

"निगा कमी लिहिलं होतं ना, ते खोडतो."

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "निगा कमीच व्हती. कोनाची व्हती ती लिवा."

मी लिहिलं. तपासणाऱ्याची.

"वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. चौघी ऐकत होत्या.

याला दोन वर्षं झाली. संस्थेला मी दुरुस्त केलेली वही दाखवली. त्यांचा माणूस म्हणाला, होतं असं, पुढच्या वेळी काळजी घ्या. मोजणीचं काम माझ्याकडून काढून घ्या, असं मी दोनदा म्हटलं. बायकांनी ऐकलं नाही. आता वहीत आठ रकाने आहेत. चौकट ताई काढतात, माश्या त्याच झटकतात, मी बरणी धरतो आणि मोजतो. गावातल्या चौघी अजून सोडत नाहीत. "दाजी, मदली ना? का कडंची?" हे दर महिन्याला एकदा तरी होतंच. त्यावर मी हसतो. हसणं भाग आहे.

ताई असं कधी म्हणत नाहीत. आकडा लिहून झाला की फक्त "वाचून दावा" म्हणतात, कारण त्यांना वाचता येत नाही. मी वाचतो. तारीख, पेटी, मधली चौकट, गोचिडी पाच. त्या ऐकून मान हलवतात आणि पुढच्या पेटीकडे जातात.

सतरावं पान त्यांनी पुन्हा कधी वाचायला सांगितलेलं नाही. पण दर महिन्याला चढ चढताना मला वाटतं, आज सांगतील. मी वही बदललेली नाही. अजून बरीच पानं कोरी आहेत.